एक नाटक, एक घोषणा आणि दोन क्लिप: खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेचं प्रकरण

२०२३ च्या २६ जानेवारीला आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत मुलांनी दहा-बारा मिनिटांचं एक नाटक केलं. त्यावरून आधी तीन आठवडे भांडण झालं आणि नंतर पोलीस चौकशी झाली. मी याच भागात मास्तरकी करून निवृत्त झालो. पहिल्या बैठकीपासून शेवटच्या जबाबापर्यंत हजर होतो, म्हणून ते सगळं नीट लिहून ठेवतो आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. नाटकातली मुलं अजून शिकताहेत, त्यांच्यामागे हे लचांड लागायला नको. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

आम्ही कोण

हे प्रकरण कळायचं तर आमची दुखरी जागा आधी ठाऊक हवी. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याआधी जानेवारीत बेळगावात याविरोधातल्या आंदोलनावर गोळीबार झाला. १७ जानेवारीला आम्ही अजून हुतात्म्यांना अभिवादन करतो आणि १ नोव्हेंबरला, बाकी राज्यात राज्योत्सव चालू असताना, काळा दिन पाळतो. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं, पण बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरोधात आंदोलन पेटलं तेव्हा मी नवखा शिक्षक होतो, आणि बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या गोळीबाराची बातमी ऐकून दोन दिवस घास गिळवला नव्हता. २००४ पासून सीमाभागाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझ्या पिढीतली निम्मी माणसं निकालाची वाट बघत गेली.

हा लढा मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. पुढचं वाचताना हे लक्षात असावं. आपल्याच भाषेच्या पोरांना दोन शब्द सुनावणारा माणूस लगेच फितूर ठरवला जातो, आणि या प्रकरणात तो शब्द तीन माणसांना लागला.

२०२२ चा डिसेंबर आमच्याकडे फार तापलेला होता. नोव्हेंबरातच महाराष्ट्रातल्या जत तालुक्यातल्या गावांवर कर्नाटकाने दावा सांगितला होता, ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, बेळगावातल्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणारे नेते अडवले गेले. दोन्ही विधिमंडळांनी पाठोपाठ ठराव केले. एसटी कधी चालू, कधी बंद. माझ्या बहिणीला कोल्हापूरला डोळे दाखवायला जायचं होतं, ती तारीख दोनदा हुकली. आणि त्याच दिवसांत शाळेत २६ जानेवारीची तयारी सुरू झाली.

नाटक रायण्णाचं

मुख्याध्यापिका बाई बेळगावच्या, घरची भाषा मराठी. त्यांनी संगोळ्ळी रायण्णाचा शेवटचा दिवस मुलांकडून करून घ्यायचं ठरवलं. कारण साधं होतं. रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी दिलं. १५ ऑगस्ट ही त्याची जन्मतारीख मानतात. प्रजासत्ताक दिनाला आपल्याच तालुक्यात, सायकलवरून जाता येईल इतक्या जवळ घडलेली गोष्ट सोडून लांबचं काही कशाला करायचं, असं बाईंचं म्हणणं.

रायण्णा कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शेतसनदी, म्हणजे इनाम जमिनीच्या बदल्यात चाकरी करणारा शिपाई. १८२४ मध्ये कित्तूर पडलं, राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैद केलं, तिथेच ती १८२९ मध्ये वारली. त्यानंतर रायण्णाने गावागावांतली साधी माणसं जमवून रात्रीबेरात्री छापे घातले, बिडीसारख्या ठिकाणच्या सरकारी कचेऱ्या आणि त्यांतले कागद जाळले. शेवटी आपल्याच माणसांनी दगा दिला आणि तो पकडला गेला. नंदगडला त्याच्या समाधीजवळ वडाचं झाड आहे. मूल व्हावं म्हणून बाया तिथे छोटे पाळणे बांधतात. त्यांत कन्नड बाया असतात तशा आमच्या मराठी बायाही असतात. माझ्या चुलतबहिणीने १९७९ साली तिथे पाळणा बांधला होता. तेव्हा रायण्णा कुणाचा, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

तो नंतर पडला. पुतळ्यांनी पाडला म्हणा. ऑगस्ट २०२० मध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीत रायण्णाचा पुतळा उभा करण्यावरून तणाव झाला आणि शेवटी चौकाला शिवाजी महाराजांचं नाव, पुतळा रायण्णाचा, अशी तडजोड झाली. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली आणि पाठोपाठ बेळगावच्या अनगोळात रायण्णाच्या पुतळ्याची नासधूस झाली. गनिमी कावा करून लढलेले दोन वीर, दोघांच्या मध्ये दीडशे वर्षांचं अंतर, आणि त्यांची आपसात झुंज लावून दिली आपण.

शाळेच्या व्हरांड्यातली बैठक

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तालीम सुरू झाली. चौथ्या दिवशी गावच्या युवक मंडळाची सहा-सात पोरं शाळेत आली. मंडळाचा अध्यक्ष माझा विद्यार्थी, चोवीस वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. पोरगा वाईट नाही. लॉकडाऊनमध्ये याच मंडळाने घरोघरी तांदूळ पोचवला होता. तो म्हणाला, "सर, रायण्णा त्यांचा. आपल्या शाळेत कशाला? शिवरायांचं नाटक करा की."

"त्यांचा म्हणजे कुणाचा रे?" बाईंनी विचारलं.

"ट्रकवर दगड मारणाऱ्यांचा."

एका वाक्यात १८३१ सालचा माणूस २०२२ च्या दगडफेकीत आरोपी झाला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. उलट मीच सुचवलं, की वातावरण तापलंय, यंदा नाटक राहू दे, समूहगीत घेऊ. हे माझ्याकडून चुकलं, आणि ते इथे लिहिणं मला आवश्यक वाटतं, कारण अशा वेळी बहुतेक शहाणी माणसं हेच करतात. त्याला आपण सामोपचार म्हणतो. प्रत्यक्षात ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती शाळा देऊन मोकळे होतो.

बाईंनी मान हलवली नाही. दोन दिवसांनी शाळा सुधारणा समितीची बैठक बोलावली, तिला गावातले हवालदार मामाही आले. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी करून निवृत्त झालेले. आमच्या भागात या रेजिमेंटचं नातं घरातलं आहे. तिची पहिली पलटण १७६८ सालची, केंद्र शंभर वर्षं बेळगावात. गल्लीत दोन घरांआड एक फोटो असतो, गणवेशातला.

त्याच बैठकीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या बाजूने निरोप आला होता. तालुक्याच्या गावातल्या एका कन्नड संघटनेच्या माणसांनी फोन करून सांगितलं, रायण्णाचं नाटक करताय, चांगलं आहे, मग तिरंग्याशेजारी कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडाही लावा, आम्ही घेऊन येतो. हे ऐकल्यावर पोरं उसळली. "बघा! बोट दिलं की हात धरतात. ते लाल-पिवळा आणणार असतील तर आम्ही कमानीवर भगवा बांधणार."

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. ध्वजसंहितेतल्या एका नियमाची झेरॉक्स होती. राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा ध्वज लावता येत नाही. ते एवढंच म्हणाले, "लाल-पिवळा येणार नाही, त्यांना मी सांगतो. भगवाही येणार नाही, तुम्हाला सांगायला आलोय. मला दोन्हीकडं एकच नियम लावता येतो. दोन नियम मला कुणी शिकवले नाहीत."

पोरांना पहिलं वाक्य पटलं, दुसरं पटलं नाही. मला अख्ख्या प्रकरणात हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. झेंडा उंच राहावा असं म्हणणारे दोघेही होते, पोरंही आणि मामाही. पण तो नियम आपल्याला लागू झाला की एकाला तो अपमान वाटला आणि एकाला तो नियमच वाटला. मामांनी भगवा कमी मानला असं कुणी म्हणू शकणार नाही. ज्या माणसाने उभी उमेद महाराजांच्या नावाची युद्धघोषणा देण्यात घालवली, त्याला ते सिद्ध करायची गरज नव्हती. पोरांना होती, आणि ते सिद्ध करायचं तर समोर कुणीतरी हरलेला दिसायला हवा होता.

अध्यक्षाने शेवटचा प्रयत्न केला. "मामा, महाजन आयोगाने तर नंदगड महाराष्ट्राला द्या म्हटलेलं."

"होय की," बाई म्हणाल्या. "मग नंदगड आपलं, आणि नंदगडात फासावर गेलेला माणूस परका, हे कसं जमायचं?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पण उत्तर नसणं म्हणजे पटणं नव्हे. अध्यक्ष उठून गेला. जाताना "फितुरी" हा शब्द ऐकू आला, बाईंना, मामांना आणि मला मिळून.

शेवटचं वाक्य

नाटक मराठीतच होतं. वाद उरला शेवटच्या वाक्याचा. फाशीच्या आधी रायण्णाने इच्छा बोलून दाखवली, याच मातीत पुन्हा जन्म घेऊन इंग्रजांना हाकलीन, अशी लोककथा आहे. शाळेत कन्नड शिकवणाऱ्या टीचर बैलहोंगलकडच्या, नऊ वर्षं आमच्या मुलांत आहेत आणि आता मराठीत रागावतात. त्या म्हणाल्या, हे एक वाक्य तो त्याच्या भाषेत बोलू दे. पालकांपैकी दोघांनी हरकत घेतली. शेवटी सहावीतल्या ज्या पोराला रायण्णा व्हायचं होतं त्यालाच बाईंनी विचारलं. तो म्हणाला, "मरताना माणूस आपल्या भाषेतच बोलंल की, बाई." विषय संपला. दोन पालकांनी मात्र त्या दिवशी मुलं पाठवली नाहीत.

फास कशाचा करायचा यावर मुलांनी दोन दिवस खल केला. सुंभ नको, गळ्याला टोचतं. मग कुणीतरी वडाची ओली पारंबी आणली, तिला पिळा दिला. ती वाळून कडक व्हायची म्हणून रोज पाण्यात भिजत ठेवायचे. बादलीत बुडवलेली ती पारंबी शाळेच्या दाराशी आठवडाभर होती.

२६ जानेवारी

सकाळी मामांनी मुलांना ध्वज कसा बांधतात ते दाखवलं. १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवायचा, २६ जानेवारीला वरच बांधून ठेवून उलगडायचा, हा फरक माझ्यासारख्या मास्तरालाही कधी कुणी समजावून सांगितला नव्हता. घडीत झेंडूच्या पाकळ्या, आणि दोरीची गाठ अशी की एका झटक्यात सुटावी. तीन मुलांनी तीनदा बांधली, तीनदा अडकली, चौथ्यांदा सुटली.

राष्ट्रगीत झालं, नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, झालं. नाडगीताच्या वेळी पोरं दरवर्षी चुळबुळ करतात. त्यात कर्नाटकाला भारतमातेची लेक म्हटलं आहे हे टीचरनी आदल्या दिवशी वर्गात समजावलं होतं, त्यामुळे पुढच्या रांगा तरी नीट उभ्या होत्या. नाटक झालं. पोरगा पारंबी गळ्यात घालून उभा राहिला आणि शेवटचं वाक्य कन्नडमध्ये बोलला, थोडं अडखळत. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बाया रडल्या. कार्यक्रमाच्या शेवटी मुख्य पाहुणे म्हणून मामा उभे राहिले, भाषण केलं नाही. पलटणीत प्रत्येक कामगिरीच्या आधी देतात ती घोषणा त्यांनी दिली: बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय. मुलांनी छप्पर उडेल असा प्रतिसाद दिला. रायण्णाचा मेकअप केलेला पोरगा सगळ्यात जोरात ओरडला.

दोन क्लिप

रात्रीपर्यंत व्हॉट्सअॅपवर दोन क्लिप फिरत होत्या. एकीत फक्त ते कन्नड वाक्य, खाली मजकूर: मराठी शाळेत कन्नड सक्ती, गावाने लाज विकली. दुसरीत फक्त मामांची घोषणा, खाली कन्नडमध्ये मजकूर: रायण्णाच्या बलिदान दिनी मराठी गावात चिथावणी. दोन्ही एकाच कार्यक्रमातल्या, मध्ये अंतर पाचएक मिनिटांचं. दोन्ही कापणाऱ्यांना एकच गोष्ट नको होती, ती म्हणजे मधली पाच मिनिटं.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. गुन्हा नव्हता, अर्जावरची चौकशी होती. अधिकारी सभ्य होते. मामांनी सांगितलं, ही भारतीय सैन्याच्या एका रेजिमेंटची युद्धघोषणा आहे. तिच्या जोरावर आम्ही बर्फात उभे राहिलो, ती चिथावणी कुणाविरुद्ध असेल तर देशाच्या शत्रूविरुद्ध. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं, कन्नडमध्ये, आणि सहीसाठी पुढे केलं.

मामांनी पेन खाली ठेवलं. "मला हे वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही. मराठीत वाचून दाखवा." बरोबरच्या कॉन्स्टेबलने अडखळत वाचून दाखवलं. एका ठिकाणी "घोषणा दिली"च्या जागी "घोषणा देऊन जमावाला उठवलं" असा अर्थ निघत होता. मामांनी तो बदलायला लावला. मग मराठीत सही केली.

आवाज चढला नाही, कुणाच्या आईबहिणीचा उद्धार झाला नाही, पण एक शब्दही सोडला नाही. ज्या सरकारचा कागद त्यांना वाचता येत नव्हता त्याच देशासाठी त्यांनी नोकरी केली होती, आणि या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसत नव्हता. देशावर जीव आहे म्हणून तक्रार करायची नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. तक्रार आहे म्हणून देश परका, किंवा शेजारी शत्रू, हेही मान्य नव्हतं. आमच्या सीमाभागात माणसाला या दोनांपैकी एक निवडायला रोज भाग पाडतात. तिकडचे म्हणतात, मराठी कागद मागतोस म्हणजे तू देशाचा नाहीस. इकडचे म्हणतात, कन्नड वाक्य ऐकून घेतलंस म्हणजे तू मराठी नाहीस. दोघांनाही तुमच्या प्रेमापेक्षा तुमच्या रागाची साक्ष हवी असते.

आंधळा अभिमान फार महाग असतो असं आपण समजतो, पण तो स्वस्त असतो. क्लिप पुढे पाठवायला काही लागत नाही. त्या महिन्यात ज्यांनी काही मोजलं ते कोण? तालीम घेऊन घसा बसवून घेणाऱ्या बाई. रजेच्या दिवशी बैलहोंगलहून दोन बस बदलून आलेल्या टीचर. गुडघे दुखत असताना ध्वजाची गाठ चार वेळा शिकवणारे मामा. क्लिप कापणाऱ्यांपैकी दोघंही त्या दिवशी शाळेच्या आवारात झाडू मारायला नव्हते.

इतिहास आमच्या बाजूने बोलतो, ऐकायला कान हवेत. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावात. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, तेही बेळगावात. त्यासाठी राबणारे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे टिळकांचे अनुयायी आणि लोक त्यांना कर्नाटकसिंह म्हणत. त्या माणसाचे दोन तुकडे करून एक इकडे, एक तिकडे द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

उलट आजचं बघा. आमच्या प्रकरणानंतर सव्वा महिन्यात, मार्च २०२३ मध्ये, बेळगावजवळच्या राजहंसगडावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण चार दिवसांत दोनदा झालं. आधी सत्तेतल्या पक्षाने केलं, मग विरोधी पक्षाने. निवडणूक तोंडावर होती. महाराजांवर प्रेम असलेल्या मराठी माणसाला त्यातून मराठीतला एक कागदसुद्धा मिळाला नाही.

पुढे काय झालं

सगळं गोड झालं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. ज्या दोन पालकांनी मुलं पाठवली नाहीत त्यांपैकी एकाने जूनमध्ये मुलगी शाळेतून काढून बेळगावला इंग्रजी माध्यमात घातली. कारण नाटक होतं की दुसरंच काही, तो सांगत नाही. आधीच पट कमी असलेल्या शाळेतलं एक मूल गेलं, हे खरं. टीचरना काही दिवस रस्त्यात टोमणे ऐकावे लागले. मंडळाच्या अध्यक्षाने ते नाटक बरोबर होतं असं आजवर म्हटलेलं नाही.

पण जबाबाची गोष्ट त्याच्या मनाला लागली. मामांना न वाचता येणाऱ्या कागदावर सही करायला सांगितली, हे ऐकल्यावर तो माझ्याकडे आला. आधी म्हणाला मोर्चा काढू. मी म्हटलं, काढ, पण आधी एक कागद कर. दोन रात्री बसून आम्ही अर्ज लिहिला. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, म्हणून अर्ज मराठीत. १९५६ पासून भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेलं धोरण आहे, जिथे एका भाषेचे लोक पंधरा टक्क्यांवर आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, त्याचा हवाला. मागणी दोनच: तालुक्यातल्या सूचना मराठीतही लावा, आणि जबाब सहीआधी माणसाला कळेल अशा भाषेत वाचून दाखवावा. एकशे बारा सह्या झाल्या. पहिली मामांची.

कचेरीतल्या कारकुनाला मराठी येत नाही म्हणून अर्ज बाजूला पडायला नको, अशी शंका अध्यक्षालाच आली. तो टीचरच्या घरी गेला. त्याच रात्री त्यांनी कन्नड प्रत तयार करून दिली. मराठी अर्ज वर, कन्नड प्रत खाली, टाचणी लावून रजिस्टर पोस्टाने गेला. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं, त्याची पोचपावती अध्यक्षाने मंडळाच्या कपाटात लावून ठेवली आहे. दुसऱ्या स्मरणपत्राचा मसुदा माझ्या टेबलावर आहे, टीचर सुट्टीवरून आल्या की कन्नड प्रत होईल.